हे माझ्याच पुढे का आले?

(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या परिषदेत मला नेमून दिलेल्या विषयाचे कार्यक्रमपत्रिकेवरील नाव ‘आंतरजालावरील व्यक्तिनिहाय मजकूर आणि बालक’ असे आहे. ते वाचले जात असताना मागील रांगेतील काही मंडळींनी घड्याळाकडे पाहिले, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. मीही मूळचा आपल्यातलाच. दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळीत पुष्कळ वर्षे काढली आहेत आणि असल्या नावांची व्याख्याने ऐकण्याचे प्रसंगही पुष्कळ सोसले आहेत. म्हणून विषयाचे नाव तूर्त बाजूस ठेवतो व एका मुलापासून प्रारंभ करतो.

गेल्या पावसाळ्यात, भातलावणीच्या दिवसांत, आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम भागातील एका शाळेस मी भेट दिली. पाचवीच्या वर्गात गुरुजी सर्पदंशाविषयी सांगत होते. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने घट्ट आवळू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता रुग्णास विनाविलंब दवाखान्यात न्यावे, १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी, अशी सर्व माहिती ते नीट, सावकाश देत होते. भातखाचरात राबणाऱ्या घरांतील मुलांना ह्याहून उपयुक्त पाठ क्वचितच असेल. आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सुमारे ५८ हजार माणसे दगावतात, असा २००० ते २०१९ ह्या काळाचा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुसंख्य माणसे खेड्यांतील असतात.

पाठ संपत आला तोच खिडकीजवळचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, मणी लावला की विष उतरतं. मी पन्नास तरी व्हिडिओ पाहिलेत. तुम्ही एकटेच नाही म्हणता.”

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत, आणि मलाही हसू आले नाही.

त्या मुलास उद्धट म्हणून खाली बसविणे सोपे होते. परंतु त्याच्या बोलण्याचा आपण शांतपणे विचार करू. एकाच्या सांगण्यावर विसंबू नये, चार ठिकाणी चौकशी करावी, हे त्याला शिकविले कोणी? आपणच. त्याने चार नव्हे, पन्नास ठिकाणी चौकशी केली होती. पन्नास साक्षीदार एकीकडे आणि गुरुजी एकटे दुसरीकडे. त्याचे गणित त्याच्या परीने बरोबर होते. त्याला ठाऊक नव्हते ते एवढेच, की हे पन्नास साक्षीदार पन्नास दिशांनी आपापल्या मनाने आलेले नव्हते. पहिला व्हिडिओ त्याच्या घरात कोणीतरी शेवटपर्यंत पाहिला होता. उरलेले एकोणपन्नास त्या एकाच्या मागोमाग, त्याच कारणाने, त्या फोनवर आणून ठेवण्यात आले होते.

मुलांनी फोन किती वेळ पाहावा, डोळे बिघडतात की मान दुखते, ह्यावर परिपत्रके पुष्कळ निघाली आहेत. माझे आजचे बोलणे त्याविषयी नाही. फोनवर दिसणाऱ्या वस्तू मुलाच्या पुढे कोण आणतो आणि कशावरून आणतो, हे मुलास कळले आहे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

मी पुणे शहरात लहानाचा मोठा झालो. लक्ष्मी रस्त्यावरील नगर वाचन मंदिर हे १८४८ साली स्थापन झालेले ग्रंथालय. त्याच वर्षी जोतीराव फुले ह्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. ग्रंथालयातील कपाट सर्वांना सारखेच असते. वकील आला तरी तेच, दहा वर्षांचा पोरगा आला तरी तेच. मला हवे ते पुस्तक शोधताना शेजारचे नको असलेले पुस्तकही माझ्या दृष्टीस पडे, आणि पुष्कळदा तेच मी घरी नेत असे. ग्रंथपाल मला ओळखीत, क्वचित एखादे पुस्तक सुचवीतही. परंतु मी आलो म्हणून कपाटातील बाकीची पुस्तके झाकून ठेवीत नसत.

आता अशी कल्पना करा, की मी दारात पाऊल टाकताच कपाटेच हलू लागली. मागच्या खेपेस मी भुताच्या गोष्टी नेल्या होत्या, म्हणून पुढची दहा कपाटे भुताच्या गोष्टींची झाली. गणिताचे पुस्तक पाच मिनिटांत परत ठेवले होते, म्हणून गणित तळघरात गेले. माझ्या पाठोपाठ आपण आलात, तर आपल्यासाठी कपाटे पुन्हा निराळी लागली. आणि दोघांनाही वाटते आहे की, ग्रंथालयात आहे ते एवढेच. मुलाच्या हातातील फोनवर नेमके असेच घडते.

हे कसे घडते, ते थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. कारण शिक्षकासच यंत्राचे काम कळले नाही, तर तो मुलांना केवळ भीती घालील. आपण कोणता व्हिडिओ उघडला, किती वेळ पाहिला, कोठे सोडून दिला, सरकवता सरकवता बोट कोठे थबकले, कोणते शब्द टंकून शोध घेतला, कोणत्या गावी, कोणत्या भाषेत, दिवसाच्या कोणत्या वेळी, ह्या सर्वांची नोंद होते. आपल्यासारख्याच नोंदी असलेल्या लाखो इतर माणसांनी पुढे काय पाहिले, तेही यंत्रास ठाऊक असते. त्या दोहोंवरून ते अंदाज बांधते, की हा मनुष्य आता काय पाहत बसेल. खरे काय, हिताचे काय, मुलाच्या वयास योग्य काय, हा ह्या अंदाजाचा मुख्य प्रश्न नसतो. यूट्यूबने २०१२ साली आपल्या निवडीच्या रीतीत बदल केला आणि व्हिडिओ किती जणांनी उघडला ह्यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला, ह्यास अधिक महत्त्व दिले. पाहणारा जितका वेळ बसेल तितक्या जाहिराती त्याच्यापुढे येतील व तितके उत्पन्न वाढेल, असा तो व्यवहार आहे. त्यात गुप्त असे काही नाही. आपला वाणीही गिऱ्हाईक ओळखूनच माल पुढे करतो. मात्र वाण्याचे दुकान साऱ्या गावास दिसते आणि एकाच दुकानात शिरलेल्या दोघांना दोन निरनिराळी दुकाने दिसत नाहीत.

फोन आपले बोलणे चोरून ऐकतो, अशी समजूत खेड्यापाड्यांतून फार आहे. पालकांच्या सभेत हा प्रश्न हमखास येतो. त्यांना सांगावे, की ऐकण्याची गरजच पडू नये इतके आपण बोटांनी सांगून ठेवलेले असते. माझेच पाहा. गेल्या वर्षी गुडघा दुखत होता म्हणून मी एक व्हिडिओ उघडला. पुढे महिनाभर माझ्या फोनवर गुडघ्यांखेरीज दुसरा अवयव आला नाही. त्या भरात एक तेल मागविले. ते अद्याप कपाटात आहे आणि गुडघा होता तसाच आहे. पंचावन्न वर्षांच्या प्रशिक्षित शिक्षकाची ही कथा, तर दहा वर्षांच्या मुलास दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

ही रीत एका दिवसात आलेली नाही. गूगलने २००९ च्या डिसेंबरात शोधाचे निकालही ज्याच्या त्याच्या पूर्वीच्या शोधांवरून निराळे लावण्याची पद्धत सर्वांसाठी सुरू केली. अमेरिकेतील एली पॅरिसर ह्या लेखकाने २०११ साली ह्या विषयावर एक पुस्तक लिहून, प्रत्येक मनुष्य आपल्या स्वतःच्या आवडीच्या बुडबुड्यात कोंडला जाईल, असा इशारा दिला. तेव्हा आपल्या खेड्यांत हा प्रश्न दूरचा वाटे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले आणि तो वाडीवस्तीवर येऊन पोहोचला. पुढे २०२० साली टिकटॉकवर बंदी आली, परंतु त्याच वर्षी जुलैमध्ये इन्स्टाग्रामचे रील्स आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबचे शॉर्ट्स भारतात सुरू झाले. अर्ध्या मिनिटाचे चित्र संपते न संपते तोच दुसरे येते. त्यात मुलाला काही मागावेच लागत नाही. आणि हे केव्हा घडले ते ध्यानात घ्या. आपल्या शाळांना कुलपे होती, आणि अभ्यासासाठी म्हणून फोन मुलांच्या हाती आपणच दिले होते.

येथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. त्या वर्षी माझ्या बीटातील शिक्षकांकडून मी दररोज अहवाल घेत असे: किती दुवे पाठविले, किती पालकांच्या गटांत पोहोचले. आकडे चांगले येत आणि मी समाधान मानी. पाठविलेला पाठ आठ मिनिटांचा असे. तो संपल्यावर त्याच पडद्यावर पुढे काय येते, हे मी एकदाही विचारले नाही. एका भगिनीने मला तेव्हाच फोन करून सांगितले होते, “साहेब, पाठ संपला की पोरं तिथंच राहतात, पुढचं बघत.” मी तिला म्हणालो, “बाई, निदान पाठ तरी पाहतात ना!” तिचे म्हणणे मला समजण्यास पुढे तीन वर्षे लागली.

आता खेड्यातील एक विशेष गोष्ट. ह्या विषयावर शहरातील तज्ज्ञ लिहितात तेव्हा प्रत्येक मुलास स्वतःचा फोन आहे असे गृहीत धरतात. आपल्याकडे बहुधा घराला एक फोन असतो. सकाळी वडील त्यावर बाजारभाव पाहतात, दुपारी आई भरतकाम किंवा एखादा पदार्थ पाहते, रात्री चुलता कुस्त्या, राजकारण आणि आणखीही काही पाहतो, आणि मधल्या तासाभरात मुलगी तोच फोन घेऊन अभ्यासास बसते. यंत्रास हे सर्वजण मिळून एकच मनुष्य आहेत. म्हणून चुलत्याने रात्री पाहिलेले सकाळी मुलीपुढे येते. सातवीतील एका मुलीच्या फोनवर रंग उजळविण्याच्या मलमांचा सतत भडिमार होत असे. वर्गात आपलाच रंग सर्वांत काळा आहे, म्हणून हे आपल्याच पाठीस लागले आहे, अशी तिने स्वतःची समजूत करून घेतली होती. वास्तविक तिच्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरत होते व घरात त्या वस्तूंचा शोध चालला होता. ही साधी गोष्ट त्या मुलीस कोणी सांगितली नव्हती. ती बाईंना कळली तोपर्यंत तिने शाळेच्या नाटकातून आपले नाव काढून घेतले होते.

‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात त्यावर काही अभ्यासाचे काम केले होते, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमे पाहिली होती. ही मुले आपल्या हातून गेलेली. आपल्याकडे असतात तेव्हा ती सहा ते चौदा वर्षांची असतात. म्हणजे पाया घालण्याचे दिवस आपल्याच वाट्यास येतात.

त्या भातखाचराच्या गावी पुढे काय झाले, ते सांगतो. गुरुजींनी मुलाशी वाद घातला नाही. त्यांनी मला विचारले, “साहेब, शनिवारी याल का?” शनिवारी सकाळी त्यांनी तीन पालकांना फोन घेऊन शाळेत बोलावले होते. एक त्या मुलाचा चुलता, एक दूधवाल्याची पत्नी आणि एक वारकरी आजोबा. फळ्यावर तीन रकाने आखले. प्रथम काहीही न टंकता तिन्ही फोनांवर यूट्यूब उघडले आणि वर आलेल्या पहिल्या दहा गोष्टींची नावे मुलांनी रकान्यांत लिहिली. एका रकान्यात साप, मणी, खजिना आणि कुस्ती. दुसऱ्यात गाईंचे आजार, रांगोळी, मालिका. तिसऱ्यात सारी भजने आणि मधेच एक ट्रॅक्टर. तीस नावांत समान असे एकही नव्हते. वर्गात जो गोंगाट झाला, तसा मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. “आजोबांच्या फोनात साप नाहीतच!” असे एक मुलगी ओरडली, आणि त्या एका वाक्यात माझ्या व्याख्यानाचा निम्मा भाग आला.

नंतर तिन्ही फोनांवर ‘साप’ हा एकच शब्द टंकला. येथे फरक पुष्कळ कमी पडला, आणि तो कमी पडतो हे शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे. सर्वच काही प्रत्येकासाठी उलटेपालटे होते, असे मुलांना सांगू नये. तरीही चुलत्याच्या फोनवर मण्याचे व्हिडिओ वरच्या बाजूस होते, आजोबांच्या फोनवर ते शोधावे लागले. पहिला व्हिडिओ थोडा पाहून पुढे काय येते ते पाहिले, तेव्हा तिन्ही वाटा पुन्हा फुटल्या.

त्यानंतर गुरुजींनी बालभारतीच्या पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोड तिन्ही फोनांनी वाचला. तिन्हीकडे तोच पाठ उघडला. वाई येथे तयार झालेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतो. त्यातील ‘साप’ ही नोंद तिन्ही फोनांवर काढली. अक्षर न् अक्षर तेच. मुलांनी दोन फोन शेजारी ठेवून ओळी ताडून पाहिल्या. ग्रंथालयाचे कपाट आणि हलणारे कपाट ह्यांतील भेद मी आपणांस वर्णन करून सांगितला, तो त्या मुलांनी दहा मिनिटांत डोळ्यांनी पाहिला.

अखेरीस एक गंमत केली. यूट्यूबच्या मांडणीत पाहिलेल्याची नोंद थांबविण्याची व पुसण्याची सोय असते. नोंद बंद ठेवून ती पुसली, की पहिल्या पानावर शिफारशी येत नाहीत, असे ऑगस्ट २०२३ पासून आहे. आजोबांच्या संमतीने त्यांच्या फोनवर हे केले. पान कोरे झाले. एक मुलगी म्हणाली, “मग आता बघायचं काय?” गुरुजी म्हणाले, “तूच सांग, तुला काय बघायचंय?” ती बराच वेळ गप्प राहिली. आपल्याला काय हवे आहे, हे फोनसमोर बसून ठरविण्याचा प्रसंग त्या मुलीवर बहुधा पूर्वी आला नव्हता. मग तिने टंकले: ‘आमच्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी का नसते’. चांगले उत्तर लगेच मिळाले नाही. शब्द बदलावे लागले, ‘ओढा’ काढून ‘भूजल’ घालावे लागले, आणि तो अर्धा तास मला भाषेचा उत्तम पाठ वाटला. (आजोबांची भजने मात्र गेली. ती परत येण्यास चार दिवस लागले, असे त्यांनी मला पुढे सुनावले. आपण हा प्रयोग शाळेच्या किंवा स्वतःच्या फोनवर करावा.)

ज्या बंधुभगिनींना हा पाठ घ्यावयाचा असेल, त्यांना एक सावधगिरीची सूचना. त्या शनिवारी चुलत्याने फोन उघडताच क्षणभर तो घाईघाईने उलटा ठेवला होता. फोनचे पहिले पान म्हणजे त्या घराच्या मनाचे पान असते. कोणाचे आजारपण, कोणाचे कर्ज, कोणाचा नको तो छंद तेथे दिसून येईल. म्हणून पालकांना आधी भेटून काय करावयाचे ते सांगावे, त्यांनी पान स्वतः पाहून घ्यावे, मगच ते वर्गापुढे आणावे. आणि नाही म्हणणाऱ्यास आग्रह करू नये. तिन्ही फोन जमले नाहीत, तर स्वतःचा व सहकाऱ्याचा मिळून दोन पुरेत. आपल्या पानावर काय येते, हे मुलांना दाखविण्याचे धैर्य शिक्षकांत आहे काय, हा प्रश्न मी येथे विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जातो.

पहिली-दुसरीच्या मुलांस हे काही शिकवू नये. त्यांना फोन द्यावयाचा झाल्यास मोठ्या माणसाने शेजारी बसावे, आणि काय पाहावयाचे ते मोठ्या माणसाने आधी काढून द्यावे, एवढेच पुरे. तिसरी-चौथीस ‘आपण मागितले ते’ आणि ‘आपोआप आले ते’ असे दोन ढीग करता आले तरी पुष्कळ झाले. पाचवीपासून मात्र कारण शोधता येते. त्या गुरुजींनी वर्गात एक वही ठेवली आहे. घरी फोनवर काही विचित्र, भीतिदायक किंवा फारच आवडीचे आले, तर मुलाने दोन रकान्यांत लिहावयाचे: ‘काय आले’ आणि ‘माझ्याच पुढे का आले असावे’. दुसरा रकाना महत्त्वाचा. त्यात मुलांनी लिहिलेले मी वाचले आहे. ‘ताईने पाहिले म्हणून.’ ‘मी काल क्रिकेट पाहिले म्हणून.’ ‘दिवाळी आली म्हणून.’ ‘हे विकणाऱ्याने पैसे दिले म्हणून.’ ह्या शेवटच्या उत्तरास प्रशिक्षण महाविद्यालयातही गुण मिळाले असते.

नको असलेल्या व्हिडिओशेजारच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवून ‘हे मला नको’ असे यंत्रास कळविता येते, हे मुलांना अवश्य दाखवावे. पुष्कळ मुले नावडता व्हिडिओ चिडून शेवटपर्यंत पाहतात किंवा त्याखाली शिव्या लिहितात. यंत्रास चिडून पाहणे आणि आवडीने पाहणे ह्यांतील भेद फारसा कळत नाही. पाहिले, एवढेच त्यास कळते.

आपल्यापैकी काहींचे मत असे, की ह्या उठाठेवीपेक्षा फोन बंद करावेत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाचे उदाहरण आपण ऐकले असेल. तेथे २०२२ साली गावकऱ्यांनी ठरवून रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजविण्यास प्रारंभ केला. भोंगा झाला की दीड तास घरोघरी फोन व दूरदर्शनसंच बंद आणि मुले अभ्यासास. त्या गावाविषयी मला आदर आहे. विशेषतः नियम मुलांपुरता न ठेवता मोठ्यांनीही पाळावयाचा, हे मला फार मोलाचे वाटते. परंतु साडेआठ वाजता फोन पुन्हा सुरू होतो, आणि तेव्हा त्यावर काय येते हे भोंग्याच्या हाती नसते. भोंगा ग्रामपंचायतीचे काम आहे. साडेआठनंतरचे आपले आहे.

कायद्याचेही थोडे सांगतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या संसदेने २०२३ साली केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या वागण्याचा माग ठेवणे व त्यांना हेरून जाहिराती दाखविणे, ह्यांस त्यात काही अपवाद वगळून मनाई आहे. कायदा चांगला आहे. पण फोन वडिलांच्या नावावर, खाते चुलत्याचे, आणि बोट मुलीचे. ते बोट मुलीचे आहे हे यंत्रास कसे कळावे? आपल्या शाळांतील मुलांपर्यंत ते संरक्षण पोहोचेल तेव्हा पोहोचो. तोपर्यंत पालकसभेत निदान एवढे सांगावे, की घरातील फोनवर मुलांसाठी निराळे खाते उघडून ठेवता येते, आणि मूल ज्या फोनवर अभ्यास करते त्यावर रात्री आपण काय पाहतो ह्याचा विचार करावा. हे सांगताना आवाज चढवू नये. पालक आपल्याइतकेच ह्यात नवखे आहेत.

त्या मुलाचे काय झाले, असे मघापासून कोणीतरी विचारील ह्याची मी वाट पाहत होतो. मण्याने विष उतरत नाही, हे त्याने त्या शनिवारी मान्य केले नाही. विश्वकोश सर्वांना सारखे दाखवितो म्हणून तो खरा कसा, असे त्याने उलट विचारले. आणि ते विचारणे अगदी रास्त होते. सर्वांना सारखे दिसणे निराळे आणि खरे असणे निराळे. गुरुजींनी मग वर्गाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरांनी सर्पदंशाच्या लसीची कुपी दाखविली, ती घोड्याच्या रक्तापासून कशी तयार करतात ते सांगितले, आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चार विषारी सापांची चित्रे दाखविली. बिनविषारी साप चावला तर काहीच होत नाही, आणि मणी लावणाऱ्यास यश मिळते ते बहुधा अशाच वेळी, हेही त्यांनी समजावून सांगितले. सर्व मुले घोड्याच्या गोष्टीत रमली होती. हा मुलगा मात्र पुढे झाला आणि त्याने विचारले, “यंदा किती जणांना लस टोचली? त्यातले किती वाचले?” डॉक्टरांनी नोंदवही काढली आणि त्याला शेजारी बसवून आकडे मोजून दाखविले.

गेल्या महिन्यात मी त्या शाळेत पुन्हा गेलो तेव्हा वर्गाची वही पाहिली. त्याच्या नावावर सात नोंदी होत्या. पाचांपुढे ‘चुलत्यामुळे’ असे होते, एकीपुढे ‘मीच शेवटपर्यंत पाहिले’. सातवी नोंद एका औषधाच्या जाहिरातीची होती. तिच्यापुढे ‘माहीत नाही’ असे लिहून त्याखाली त्याने पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि पुढे लिहिले होते, ‘साहेबांना विचारणे.’ मला त्याने विचारले. मलाही सांगता आले नाही; आम्ही दोघांनी मिळून ती नोंद तशीच ठेवली आहे.